अर्ध्या तासाचं काम

देवचंदआप्पाचं नाव काढलं की सुरतेच्या नवागामात लोकांचे चेहरे उजळतात. माझा काळवंडतो. आता माणूस इथे नाही, तरी काळवंडतो.

आमच्या गल्लीत समोरासमोर दोन सुतारांची दुकानं होती. एक माझं. सहा फुटी पाटी, त्यावर ‘सोपान फर्निचर’ असं तीन भाषांत, काचेचा दरवाजा, गिऱ्हाइकाला बसायला फिरती खुर्ची. दुसरं आप्पाचं. पाटी नाही, खुर्ची नाही, आणि शटर असं गंजलेलं की ते कमरेपर्यंतच वर जायचं. गिऱ्हाइकाला ओणवं होऊन आत शिरावं लागे. माझ्याकडे ताठ मानेनं येता येत होतं. पण अठरा वर्षं लोक माझ्या दारावरून पुढे जाऊन समोर ओणवे होत राहिले. त्या फिरत्या खुर्चीत बसून मी जेवढ्या लोकांच्या पाठी बघितल्या, तेवढ्या हाडवैद्यालाही बघायला मिळत नसतील.

आणि हा माणूस मुळात सुतारच नव्हता, हे माझं खरं दुखणं. मी जालन्याचा. आमच्या घरात पणजोबापासून रंधा. बारशाला मला म्हणे पाळण्याऐवजी भुशाच्या ढिगावर ठेवलं होतं आणि मी रडायच्या जागी शिंकलो होतो. आप्पा पारोळ्याकडचा. विशीत सुरतेला आला तो लूमवर. लिंबायतच्या एका खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, त्याने बावीस वर्षं माग चालवले. तिथला आवाज असा, की शेजाऱ्याच्या कानात तोंड घालून बोंब मारली तरी त्याला फक्त गुदगुल्या होतात. चाळिशी उलटता उलटता आप्पाचे दोन्ही कान गेले आणि काम सुटलं. खात्यात असताना तो मागांचे लाकडी धोटे घासून गुळगुळीत करून द्यायचा. सुतारकीचं त्याचं शिक्षण एवढंच. त्या जोरावर हा माणूस माझ्यासमोर दुकान टाकतो आणि देव्हाऱ्याला अशी जाळी कापतो की आतले देव उठून बाहेरून बघायला येतील.

ती जाळी मी भिंगातून तपासली आहे. तो जेवायला घरी गेला असताना त्या अर्ध्या शटरखालून सरपटत आत शिरलो होतो, एखादी तरी चूक सापडावी म्हणून. वेलीच्या पानांना शिरा होत्या. सागवानाच्या पानाला शिरा कोणी मागितल्या होत्या? घरी येऊन दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

कान गेल्यामुळे आप्पाचा आवाज सुटला होता. घरात त्याने भाकरी मागितली की डिंडोलीतल्या तीन बायका तवा चढवत. रिक्षावाल्याला ‘थांब’ म्हणाला तर मागच्या चार रिक्षा थांबायच्या. स्वभावाने मात्र शांत. दिवसभर खाली मान घालून काम, मध्येच मान वर करून समोर गल्लीकडे एक नजर, पुन्हा खाली मान.

गल्लीत सगळे त्याला आप्पा म्हणत. मीही तोंडावर आप्पाच म्हणायचो. पण तो त्याच्या दुकानात कामाला बसला की मी माझ्या पायरीवर उभा राहून मन मोकळं करायचो. त्याचं काम, त्याचं शटर, त्याची हिरवी बनियन, त्याच्या बापजाद्यांनी कधी रंधा बघितला होता का, सगळं. मोठ्याने, खुल्लमखुल्ला, त्याच्याकडे तोंड करून आणि वर हसतमुखाने. तोही मान वर करून हसायचा. बहिरा शेजारी मिळणं ही केवढी चैन आहे, हे ज्याला मिळालाय त्यालाच कळेल.

आप्पाची सगळी करामत एका मशीनवर चाले. कॅटलॉगमध्ये त्याला स्क्रोल सॉ म्हणतात, आमच्या गल्लीत जाळी-मशीन. बिडाचे दोन लांब हात, एक वर, एक खाली, त्यांच्यामध्ये सुईसारखं बारीक पातं ताणलेलं. ते वरखाली नाचतं आणि आपण लाकूड फिरवायचं. जाळीच्या प्रत्येक भोकासाठी पातं एका टोकाने सोडायचं, भोकातून ओवायचं, पुन्हा ताणायचं. तीनशे भोकं असली तर तीनशे वेळा. पातं नीट ताणलंय का, हे आम्ही माणसं टिचकी मारून कानाने ओळखतो. आप्पा मशीनच्या वरच्या हाताला हनुवटी टेकवायचा, डोळे मिटायचा आणि मग टिचकी मारायचा. जबड्यातून ऐकायचा. गल्लीतले लूम सुरू असले की जमिनीची थरथर मशीनमध्ये चढते, म्हणून बारीक नक्षी तो खात्यांच्या सुट्टीच्या दिवशी काढायचा. लोक त्या हनुवटीचं कौतुक करत. मीही एकदा दार लावून माझ्या मशीनला हनुवटी टेकवून पाहिली. दाढीचे चार केस पात्यात गेले. ऐकू काहीच आलं नाही.

एकदा गल्लीत मोठी गाडी आली. इतकी मोठी की तिचं तोंड माझ्या दुकानासमोर आणि शेपूट मेन रोडवर. आतून एक गुजराती शेठ उतरले, माझी पाटी वाचली आणि काचेच्या दारातून थेट आत. मी खुर्ची फिरवून दिली. शेठ बसले आणि म्हणाले, “देवचंदभाई मिस्त्री क्यां बेसे छे?”

मी म्हणालो, “ए तो गाम गया छे.”

माझं वाक्य संपतंय तोच समोरचं शटर खडखडलं. आप्पा ओणवा होऊन बाहेर आला आणि त्याच्या अहिराणीत गल्लीभर गरजला, “मी आठेच शे.” म्हणजे, मी इथेच आहे.

शेठ उठले, रस्ता ओलांडला आणि ओणवे झाले. मला वाटलं, काय नशीब आहे म्हाताऱ्याचं, नेमका त्याच क्षणी बाहेर पडतो. बंगल्याचं अख्खं देवघर गेलं माझ्या हातून. त्याच्या नशिबावर मी पायरीवर उभं राहून पुढे महिनाभर बोललो.

पण देवघराचं एवढं नाही. मला हवं होतं ते कानबाईचं मखर.

कानबाई ही खानदेशची देवी. श्रावणात एका रविवारी ती नारळाच्या रूपाने चौरंगावर बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. आमच्या गल्लीची कानबाई सुमनबाई बसवायच्या, त्या नाक्यावर चहाची टपरी चालवतात. चौरंगामागे दरवर्षी नव्या लाकडी जाळीचं मखर लागायचं आणि ते आप्पाच करायचा. डिंडोली, लिंबायत, कुठकुठून माणसं यायची. आधी देवीला हात जोडायची, मग मखराकडे वळून म्हणायची, “काय काम करस आप्पा.” दरवर्षी मी त्या गर्दीत प्रसाद हातात धरून उभा असायचो. एकदा, आयुष्यात एकदाच, त्या मांडवात कोणीतरी माझं नाव घ्यावं, एवढीच माझी इच्छा होती. सुमनबाईंना दोनदा विचारूनही पाहिलं. त्या म्हणाल्या, “तुमच्या जालन्याकडे कानबाई नसते ना भाऊ. आप्पा शेत तवलोंग राहू द्या.” म्हणजे आप्पा आहेत तोवर माझा नंबर नाही.

आणि मग त्या वर्षी, कानबाईला वीसेक दिवस उरले असताना, आप्पाचं मशीन मोडलं.

तो स्वतः रस्ता ओलांडून आला. माझ्या दारातून ताठ आत आला, पहिल्यांदाच. म्हणाला, “जालनावाला, जरा चाल. मशीन पातं तोडी राहिनं. हाईच नीट करानं का नवं लेवानं, तू सांग. तुना घरमां पहिलापासून हाईच धंदा शे.”

माझ्या घराण्याचा उल्लेख त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. गेलो. मशीन सुरू केलं, बंद केलं, वरचा हात धरून हलवला. दोन मिनिटांत कळलं. तो हात मागे ज्या खिळीवर झुलतो तिथलं पितळी बुश झिजलं होतं. हात डुगडुगत होता, म्हणून पातं तुटत होतं. नाक्यावरच्या लेथवाल्याकडून बुश करून आणायचं, जुनं ठोकून काढायचं, नवं बसवायचं. अर्ध्या तासाचं काम. पुढे वीस वर्षं बघायला नको.

मी कपाळाला हात लावला. म्हणालो, “आप्पा, गेलं हे.”

“गयं?”

“पार गेलं. बीड थकतं आप्पा. माणसासारखंच असतं ते. याला आज ठिगळ लावाल, उद्या हा हात निखळून तुमच्या छातीत बसेल. आमच्या जालन्यात एका मिस्तरीच्या मशीनचा हात उडाला तो शेजारच्या हळदीच्या मांडवात पडला.” हे सांगताना मला तो हळदीचा मांडव दिसायला लागला होता. “नवीन घ्या. हल्ली त्यात दिवा असतो, भुसा उडवायला पंखा असतो, बटण फिरवलं की वेग कमीजास्त होतो. मुंबईहून मागवावं लागेल, येईल तीन आठवड्यांत. तुमच्यासारख्या कारागिराने या भंगारावर बसावं, हे मला बघवत नाही.”

आप्पा माझ्या तोंडाकडे इतक्या भक्तीने बघत होता की मलाच माझं पटायला लागलं. शेवटी मान डोलावून म्हणाला, “बरं.”

मी माझ्या पायरीवर आलो आणि बायकोला फोन लावला. मंदा डिंडोलीत घरी होती. गल्लीतले लूम धडधडत होते, त्यामुळे चांगलं घसा ताणून सांगितलं, “अगं, बुश गेलंय फक्त. अर्ध्या तासाचं काम आहे. पण म्हाताऱ्याला नवीन घ्यायला लावलंय. ते येईपर्यंत कानबाई तापीत पोचलेली असेल. औंदा मखर आपलं.”

मंदा म्हणाली, “लाज वाटत नाही का?”

मी म्हणालो, “वाटते. मखर झालं की वाटून घेईन.”

समोर आप्पाने मान वर केली, एक नजर टाकली, पुन्हा खाली घातली.

दोन दिवसांनी सकाळी एक हातलारी माझ्या दारात येऊन थांबली. लारीवर ते हिरवं मशीन, गोणपाटात गुंडाळलेलं. मागे आप्पा.

“ले,” तो म्हणाला. “नवं सांगी दिनं मी. हाई तू ठेव. अर्धा तासनं काम शे ना? बुश बदली ले.”

माझ्या हातातून पटाशी पडली.

“आनि औंदानं मखर तूच कर. सुमनले मी सांगी उनू.”

एवढं बोलून तो परत गेला, ओणवा झाला आणि शटरखाली दिसेनासा झाला. मी तसाच टपरीवर गेलो. सुमनबाईंना विचारलं, आप्पाला बुशाचं कोणी सांगितलं?

त्या चहा गाळता गाळता थांबल्या. म्हणाल्या, “तुम्हीच सांगितलं असेल ना काही बोलताना. आप्पा ओठ वाचतस. लूमवरचा माणूस शे तो. खात्यात ऐकू कोणाले येतं? सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतस. आप्पा तर पार रस्त्यापलीकडचं वाचतस. तुम्हाले माहीत नही? अठरा वर्षं समोर बसतस.”

मला माहीत नव्हतं. अख्ख्या नवागामात हे माहीत नसलेला एकच माणूस होता, तो जालन्याहून आला होता आणि रोज पायरीवर उभा राहून, त्याच्याकडे तोंड करून, एकेक शब्द स्पष्ट उच्चारत बोलत होता. त्या टपरीच्या बाकावर बसल्या बसल्या मला अठरा वर्षं एकदम आठवली. बनियन आठवली. बापजादे आठवले. ‘गाम गया छे’ आठवलं. काही वाक्यं अशी आठवली की मी चहा न पिताच पैसे ठेवून उठलो. आणि या काळात दर श्रावणात आप्पाच्या घरून माझ्याकडे कानबाईच्या रोटाचं ताट येत होतं. वरून तुपाची धार असायची.

दुपारी मी गेलो त्याच्याकडे. ओणवा झालो. आत जाऊन म्हटलं, “आप्पा, इतकी वर्षं कळत होतं, तर बोलला का नाहीत?”

तो शांतपणे एका फळीवर गेरू चोळत होता. म्हणाला, “काय बोलनं? कान गया तैपासून लोके मन्हासंगे बोलतच नही. हात हालावतस, मान हालावतस, चालना जातस. तू एकलाच रोज इतलं बोले. माले करमे.”

असं कोणी बोललं तर माणसाने पाया पडावं. मी पडलो नाही. मला राग आला. मी इतक्या मेहनतीने दिलेल्या शिव्यांवर हा माणूस इतकी वर्षं करमणूक करून घेत होता.

मग मखराला लागलो. अर्ध्या तासाच्या कामाला मला दोन दिवस लागले, कारण जुनं बुश बिडात असं रुतलं होतं की लेथवाल्याने आणि मी मिळून त्याला सासुरवाडीच्या नावाने हाका मारल्या तेव्हा ते निघालं. मशीन सुरू झालं. मला वाटलं होतं, हे मशीन मिळालं की पानांना आपोआप शिरा फुटतील. पहिल्या दिवशी अकरा पाती तुटली. समोर आप्पा पायरीवर येऊन बसायचा, क्रिकेटचा सामना बघावा तसा. पातं तुटलं की तो मांडीवर थाप मारायचा. नवं मशीन यायचं होतं, त्यामुळे त्याला दुसरा उद्योग नव्हता. मी आता त्याच्याकडे तोंड करून काही बोलू शकत नव्हतो. पाठ करून पुटपुटायचो, पण त्यात मजा नव्हती.

चौथ्या दिवशी त्याला राहवलं नाही. आला, न विचारता मशीनला हनुवटी लावली, टिचकी मारली. “ढिलं शे,” म्हणाला, चावी अर्धा फेरा फिरवली आणि गेला. त्यानंतर पातं तुटलं नाही. हे मी इथे लिहितोय ते फक्त सत्य सांगायची सवय लागावी म्हणून.

मखरात मधोमध मोर होता, समोर बघणारा. शेवटच्या दिवशी मोराची मान कापताना पातं माझ्या हातून भरकटलं आणि रेघेबाहेर गेलं. नवी फळी आणायला वेळ नव्हता. मी गेलेल्या रेघेला धरूनच मान पुढे नेली, वळवली, आणि मोराला मागे बघायला लावलं. चोच पाठीवर आली. बघणाऱ्याला वाटावं, मोराला कोणी मागून हाक मारली आहे.

रविवारी कानबाई बसली. मांडव गच्च. मी इस्त्रीचा शर्ट घालून मखराच्या अगदी शेजारी उभा, म्हणजे नाव घेतलं की लगेच हात जोडता यावेत. ढोल थांबले. लिंबायतहून आलेल्या चार बायका देवीच्या पाया पडल्या, मखराकडे वळल्या, आणि त्यातली एक म्हणाली, “औंदा बी काय काम करं आप्पानी.”

दुसरी म्हणाली, “आप्पाना हातच तसा शे.”

मी हात जोडायच्या बेतात होतो. ते हात कुठे ठेवावेत, कळेना. पलीकडे खुर्चीत आप्पा बसला होता. त्याने त्यांचे ओठ वाचले, हे मला दिसलं. मान डोलावून घेतली असती तरी चाललं असतं. मी असतो तर घेतली असती. तो उठून उभा राहिला आणि त्या गच्च मांडवात गरजला,

“हाई काम मन्हं नही. सोपान मिस्तरीनं शे. मन्हं असतं ते मोरनी मान अशी वाकडी नसती.”

सगळा मांडव वळला. पाचशे माणसांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मोराच्या मानेकडे, मग पुन्हा माझ्याकडे. अठरा वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते नाव, घराण्याच्या पेशासकट, अख्ख्या मांडवाने ऐकलं. कोणी तरी हसलं. सुमनबाईंनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला. म्हणाल्या, “घ्या मिस्तरी.” त्याआधी त्या मला भाऊ म्हणायच्या.

दिवाळीच्या आत आप्पा नवं मशीन घेऊन लेकीकडे दोंडाईचाला राहायला गेला. समोर आता मोबाइलचं दुकान आहे, शटर पूर्ण वर जातं. पण मला तो आठवतो तो त्या सोमवारचा. सकाळी कानबाई तापीवर निघाली. बायका डोक्यावर चौरंग घेऊन पुढे, ढोल मागे, गल्ली रिकामी. माझी एक चप्पल मांडवात राहिली होती म्हणून मी परत आलो. आत आप्पा एकटाच होता, गुडघ्यांमुळे नदीपर्यंत जात नसे. माझ्याकडे पाठ करून मखरासमोर उभा होता. त्याने मोरावर वर्तमानपत्राचं पान लावलं होतं आणि पेन्सिलीने वरून घासून मोर उतरवून घेत होता. माझा मोर. वाकड्या मानेचा.

मी दारात उभा राहिलो. खात्री करायला एकदा टाळी वाजवली. तो वळला नाही. दुसऱ्यांदा जोरात वाजवली. नाही वळला. मग मी त्याच्या पाठीला सांगितलं, चांगल्या खणखणीत आवाजात, की आप्पा, सुरतेत तुमच्यासारखा कारागीर मी बघितला नाही, आणि जालन्यातही नाही.

तो मानेपाशी आला होता. तिथे थांबला, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि ते वळण पुन्हा एकदा गडद केलं.